पोरांना जपतोय की दाबतोय? खर्ड्यानंतरच्या आपल्या घरांविषयी



२८ एप्रिल २०१४ ही तारीख नगर जिल्ह्यातला आंबेडकरी माणूस विसरू शकत नाही. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण ती तारीख तशीच आहे. त्या दिवशी जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावात नितीन आगे या सतरा वर्षांच्या आपल्या पोराचा खून झाला. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो, असा त्याच्यावर संशय होता. शाळेच्या आवारातून त्याला मारत नेले आणि शेवटी त्याचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला. पुढे साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. नितीन मेला हे खरे, पण कायद्याच्या लेखी त्याला कोणीच मारले नाही.

या प्रकरणावर आपण मोर्चे काढले, निवेदने दिली, भाषणे केली. ते सगळे करायलाच हवे होते. आज मला वेगळ्याच गोष्टीवर लिहायचे आहे. खर्ड्यानंतर आपल्या घरांत काय झाले? आपल्या पोरापोरींशी आपण कसे वागायला लागलो? तेव्हा दहा-पंधरा वर्षांची असलेली पोरे आज पंचविशीत आहेत. ती प्रेमात पडतात, लग्न करतात, नोकरीला लागतात, तुटतात. त्यांच्या मनावर आपल्या त्या वागण्याचा काय परिणाम झाला?

सुरुवात स्वतःपासून करतो. त्या काळात मी प्रत्येक मोर्चात होतो. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. माझा मुलगा तेव्हा नववीत जाणार होता. जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी त्याला समोर बसवून म्हणालो, "कुठल्या पोरीशी बोलायचं नाही. कुणाकडं मान वर करून बघायचं नाही. शाळा सुटली की सरळ घरी."

त्याने विचारले, "पप्पा, पण माझं काय चुकलं?"

मी आवाज चढवला. त्यानंतर त्याने मला काही विचारले नाही.

खूप उशिरा माझ्या लक्षात आले, की ते वाक्य माझे नव्हतेच. गावातल्या जातदांडग्यांना जे हवे होते, तेच मी बोललो होतो. एका पोराला मारून त्यांनी आख्ख्या जिल्ह्याला निरोप दिला होता, की पायरी ओळखून राहा. तो निरोप माझ्या घरात पोचवायला कोणी गावगुंड आला नाही, मीच पोचवला. रस्त्यावर 'नितीनला न्याय द्या' म्हणत होतो आणि घरात पोराला 'मान खाली घाल' म्हणत होतो.

आपली शिस्त येते कुठून?

पालकत्वावर पुस्तके वाचणारी मंडळी एक वर्गवारी सांगतात. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात ती मांडली. पहिले पालक हुकमी, म्हणजे 'मी सांगतो म्हणून'. दुसरे संवादी, म्हणजे नियम ठेवतात पण कारण सांगतात आणि मुलांचे ऐकतात. तिसरे मोकळे सोडणारे. पुढे इतर अभ्यासकांनी चौथा प्रकार जोडला, दुर्लक्ष करणारे. यातल्या संवादी पालकांची मुले जास्त आत्मविश्वासाची आणि जबाबदार निघतात, असा निष्कर्ष निघाला. आज शाळांच्या पालकसभांत आणि यूट्यूबवर हेच सांगितले जाते.

हे खोटे नाही, पण अर्धे आहे. बॉमरिंडबाईंची निरीक्षणे मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गीय घरांतली होती. १९७२ मध्ये त्यांनीच काळ्या कुटुंबांतल्या लहान मुलांवर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. गोऱ्या घरांत जी हुकमी शिस्त मुलांना भित्रे करते असे दिसले होते, तशाच शिस्तीत वाढलेल्या काळ्या मुली उलट जास्त ठाम आणि स्वतंत्र दिसल्या. म्हणजे शिस्तीचा अर्थ घराबाहेरच्या जगावरही ठरतो. पोलिसाने अडवले तर हात कुठे ठेवायचे, आवाज कसा ठेवायचा, हे अमेरिकेतले काळे आईबाप आजही पोरांना बसवून समजावतात. त्या कडकपणामागे पोराला जिवंत ठेवायची धडपड असते.

आपलेही तसेच आहे. सदाशिव पेठेतला बाप पोराला 'उशिरा फिरू नको' म्हणतो, तेव्हा त्याला अभ्यासाची काळजी असते. जामखेड, नेवासे, पाथर्डीतल्या वस्तीवरचा बाप तेच म्हणतो, तेव्हा त्याला पोराच्या जिवाची काळजी असते. दोघांचे शब्द एकच, भीती वेगळी. त्यामुळे आपल्या आईबापांना सरसकट 'मागासलेले पालक' म्हणून हिणवणाऱ्यांशी माझे भांडण आहे. ज्यांनी नितीनचा फोटो पेपरात पाहिला, त्यांची भीती हा मानसिक आजार नाही. ती अनुभवातून आलेली आहे.

पण भीती खरी आहे म्हणून तिच्यावरचा आपला उपाय बरोबर ठरत नाही.

दुसऱ्या घरात काय शिकवले जाते?

आपल्या घराकडे वळण्याआधी समोरच्या घराकडे बघू. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यातल्या सोनई परिसरात सचिन घारू, संदीप थनवार आणि राहुल कंडारे या मेहतर समाजातल्या तीन तरुणांची हत्या झाली. सचिनचे एका मराठा मुलीवर प्रेम होते. सफाईचे काम आहे म्हणून त्यांना बोलावून घेतले आणि तिघांनाही संपवले. पुढे खटला नाशिकला चालला. जानेवारी २०१८ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी धरून फाशीची शिक्षा सुनावली. दोषी ठरलेल्यांत मुलीच्या घरातलेच पुरुष होते.

हे पुरुष कसे घडले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. बहिणीच्या आवडीनिवडीसाठी माणूस मारावा असे भावाला वाटते, ते एका रात्रीत होत नाही. पोरगा पाच वर्षांचा असल्यापासून त्याला सांगितले जाते, की बहिणीवर लक्ष ठेव. ती कुठे जाते, कुणाशी बोलते, ते घरी येऊन सांग. तिच्यापेक्षा लहान असला तरी तोच तिचा राखणदार. तो रडला तर 'बाईसारखा रडतो काय' म्हणतात. त्याला राग चालतो, दुःख चालत नाही. वडिलांनी आईवर हात उचललेला त्याने पाहिलेला असतो. त्या वेळी घरातले सगळे गप्प बसतात, हेही पाहिलेले असते. असा पोरगा वीस वर्षांचा होतो तेव्हा त्याच्याकडे 'इज्जत' हा एकच शब्द असतो. अपमान, मत्सर, भीती, दुरावा या सगळ्यांना तो तेच नाव देतो.

हे पालकत्व नुसते जुनाट म्हणून सोडून देता येत नाही, त्याला काम आहे. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात दाखवून दिले, की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावल्याने. आणि ते बंधन टिकवायचे तर बाईवर ताबा ठेवावा लागतो. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह यांचा उगम त्यांनी तिथे शोधला. आज सती नाही. पण ताबा ठेवायचे काम बंद झालेले नाही, ते घराघरांतल्या आईबापांकडे आणि भावांकडे आहे. जातीची पहिली शाळा घरातच भरते. मुलीला 'लोक काय म्हणतील' आणि मुलाला 'तिच्यावर लक्ष ठेव' हे दोन धडे देऊन ती शाळा चालते.

आणि ती किती यशस्वी आहे बघा. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशातली आंतरजातीय लग्ने जेमतेम पाच टक्के निघाली. आपला नवरा कोण हे फक्त स्वतःच्या मर्जीने ठरवले, असे सांगणाऱ्या बायकाही साधारण तेवढ्याच होत्या. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा. मुलीला निवड नाही म्हणून जात शाबूत आहे. आणि जात शाबूत ठेवायची म्हणून मुलीला निवड नाही.

गप्प घर पोराला वाचवत नाही

आता आपल्या घरात येऊ. आपण पोरांना दाबतो ते त्यांना वाचवण्यासाठी. माझा साधा प्रश्न आहे, ती वाचतात का?

वय सोळा-सतरा झाले की ओढ वाटणारच. बंदी घातली म्हणून ती थांबत नाही. थांबते ते एवढेच, की पोरगं घरी सांगायचे बंद होते. मग काय होते? वर्गातल्या मुलीचा भाऊ रस्त्यात अडवून दम देतो, ते बापाला माहीत नसते. व्हॉट्सॲपवर धमकी येते, पोरगा ती पुसून टाकतो, कारण घरी दाखवली तर आधी त्यालाच मार बसेल. मित्र सांगतो 'भेटायला ये, मिटवून टाकू', आणि तो एकटाच जातो. खून एका दिवसात होतो, पण त्याच्या आधी बरेच दिवस इशारे येत असतात. ते इशारे फक्त पोराला दिसतात. ज्या घरात बोलता येते, त्या घराला ते वेळेवर कळतात. गप्प घराला पोलीस ठाण्यातून फोन येतो तेव्हा कळते.

म्हणून मी म्हणतो, दाबणे म्हणजे सुरक्षा नव्हे. दाबल्याने धोका तेवढाच राहतो, फक्त पोरगं त्याच्यासमोर एकटे पडते.

दुसरा परिणाम लगेच दिसत नाही, वर्षांनी दिसतो. नागराज मंजुळे यांचा २०१३ चा 'फँड्री' आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यातल्या जब्याला शालू आवडते, पण त्याच्याकडे ते सांगायला ना जागा आहे ना माणूस. घरात गरिबी आणि बापाची लाचारी, बाहेर जात. असा जब्या पंचविशीला पोचतो तेव्हा कसा असतो? मी अशी पोरे रोज बघतो. सभेत तडाखेबंद बोलतात. पण बायकोशी भांडण झाले की तीन-तीन दिवस अबोला. प्रेमभंग झाला की दारू. मुलगी नाही म्हणाली की 'जात बघून नाही म्हणाली' असे ठरवून मोकळे होतात. कधी ते खरेही असते. पण नकाराचे प्रत्येक वेळी तेच कारण नसते, आणि तो फरक करायला कोणी शिकवलेलेच नाही. दुःख झाले तर 'मला दुःख झालंय' म्हणता येत नाही, म्हणून ते रागाच्या वाटेने बाहेर पडते.

मुलींचे वेगळेच. घरात मोबाईल तपासला जातो, म्हणून त्या दोन चेहरे ठेवायला शिकतात. एक घरचा, एक बाहेरचा. पुण्याला वसतिगृहात आल्या की पहिल्यांदा मोकळा श्वास मिळतो. पण चांगला माणूस कोणता, ताबा ठेवणारा कोणता, हे ओळखायची सवय नसते. जो मुलगा 'तू कुठं आहेस, कुणासोबत आहेस, फोटो पाठव' म्हणतो, त्याचे वागणे त्यांना ओळखीचे वाटते. घरी काळजी म्हणजे हेच पाहिलेले असते, मग त्यालाच प्रेम समजतात.

माझा मुलगा आज चाकणला कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी तो काही महिने फार वाईट अवस्थेत होता. जेवत नव्हता, कामावर खाडे होत होते. मला रोज फोनवर 'बरंय, जेवलो' एवढेच सांगायचा. खरे काय ते मला त्याच्या खोलीतल्या मित्राकडून कळले. मी तडक गेलो. रात्री त्याला म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "सांगायची सवयच नाही ना, पप्पा." त्यात राग नव्हता. जे होते ते त्याने सांगितले. मला मात्र ती जूनमधली संध्याकाळ आठवली.

ज्यांना घरी राहायलाच मिळत नाही

'मुलांना वेळ द्या, संवाद करा' हा सल्ला आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना देता येत नाही, हेही सांगायला हवे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांतून दरवर्षी दिवाळीच्या आसपास उसतोडीला गाड्या भरतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशोब. पाच-सहा महिने आईबाप कारखान्यावर, पोरे गावात आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात. वयात आलेली मुलगी मागे एकटी कशी ठेवायची, या भीतीने आणि लग्न झालेली जोडी म्हणजे नवा कोयता या हिशोबाने तिचे लग्न लवकर उरकले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींची लग्ने अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेली निघाली.

या आईबापांना 'दुर्लक्ष करणारे पालक' या खान्यात टाकणे हा निव्वळ अन्याय आहे. मुकादमाकडून उचल घेतलेला माणूस पालकसभेला येऊ शकत नाही. त्यामुळे उसतोड कामगारांची मजुरी, वसतिगृहे, मुलींच्या शाळेपर्यंतची एसटी हे सगळे पालकत्वाचेच प्रश्न आहेत. आपल्या चळवळीने ते तसे मांडले पाहिजेत.

पण माझ्यासारख्यांना ही सबब लागू नाही. मला पगार आहे, घरी वेळ आहे, पुस्तकांचे कपाट आहे. माझ्या घरातला हुकूम गरिबीतून आलेला नव्हता.

चळवळीचे घर

इथे आपल्याच लोकांना टोचणारे चार शब्द लिहितो. रागावू नका.

आपल्यातला कार्यकर्ता बाप समतेवर तासभर बोलतो आणि घरी आल्यावर पाण्याचा तांब्या हातात हवा असतो. १४ एप्रिलला मुलीला निळा फेटा बांधून लेझीममध्ये नाचवतो आणि १५ एप्रिलला तिने 'मित्रासोबत अभ्यासिकेत जाते' म्हटले की डोळे वटारतो. मुलगा दुसऱ्या जातीतली सून आणणार असेल तर 'बाबासाहेबांचा विचार' म्हणून जेवण देतो, मुलीने तेच केले तर तोंड दाखवू नको म्हणतो. आणि ती मुलगी मातंग किंवा चर्मकार समाजातल्या पोराशी लग्न करते म्हणाली, की आपल्यातले कितीतरी पुढारी 'आपल्या समाजात मुलं संपली का' असे विचारतात. मग ब्राह्मणी पितृसत्तेवरच्या आपल्या भाषणांचे काय करायचे?

१९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये बाबासाहेबांनी जातीवरचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी स्वतः डॉ. शारदा कबीर यांच्याशी, म्हणजे आपल्या माईसाहेबांशी, नोंदणी पद्धतीने विवाह केला. त्याआधी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी आईबापांना जे सांगितले, ते तर प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लावावे असे आहे. मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा निर्माण करा, न्यूनगंड काढून टाका. लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, ती मुलांवर लादू नका. आणि मुलीने लग्नानंतर नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, गुलाम म्हणून नव्हे. हा त्या भाषणाचा आशय. आता सांगा, आयुष्यभर बापापुढे मान वर न केलेली मुलगी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याची बरोबरीची मैत्रीण कशी होईल? बरोबरीची सवय माहेरी लागावी लागते.

'मग काय पोरांना मोकाट सोडायचं?'

हा प्रश्न हमखास येतो. 'ही पाश्चात्य फॅडं आहेत, धाक नसला तर पोरं वाया जातील.' याला दोन उत्तरे आपल्याच परंपरेत आहेत.

पहिले बुद्धांचे. मज्झिम निकायात अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त आहे. बुद्ध आपल्या मुलाला, राहुलला, खोटे बोलण्याविषयी समजावतात. पाय धुवायच्या भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवून सांगतात, की जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याकडे चांगुलपणा एवढासाच उरतो. मग विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, स्वतःला पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर पाहा, यातून मला किंवा दुसऱ्याला इजा होते का. झाली तर ती उघडपणे सांग आणि पुढे सावध राहा. यात लाड नाहीत. विषय गंभीर आहे, शब्द कडक आहेत. पण 'मी सांगतो म्हणून' नाही. बाप मुलाच्या हातात कसोटी देतो, म्हणजे बाप समोर नसतानाही मुलगा नीट वागेल. सम्राट अशोकाने आपल्या बैराटच्या लेखात जी धम्मवचने आवर्जून ऐकायला सांगितली, त्यांत राहुलला केलेला हा उपदेश आहे.

दुसरे उत्तर रामजी सुभेदारांचे. माणूस लष्करी शिस्तीचा, अभ्यासाच्या बाबतीत कडक. पण भीमरावाला पुस्तक हवे असेल आणि खिशात पैसे नसतील, तर रामजीबाबा लग्न झालेल्या मुलीकडे जायचे, तिचा दागिना मागून आणायचे, तो गहाण ठेवून पुस्तक घ्यायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत करायचे. बाबासाहेबांनी ही आठवण पुढे कृतज्ञतेने सांगितली आहे. म्हणजे धाक होता, पण 'बाप माझ्या बाजूने आहे' ही खात्री पोराला होती. सगळा फरक इथे आहे. शिस्त किती कडक, हा दुय्यम प्रश्न. ती पोराच्या बाजूने आहे की गावाच्या बाजूने, हा खरा प्रश्न.

करायचे काय?

एक, धोका लपवू नका, पण दोष पोरावर टाकू नका. 'मुलीशी बोलू नको' म्हणण्याऐवजी खरे सांगा. 'या गावात जातीवरून माणसं मारली गेलीत. तू काही चूक करत नाहीस, चूक त्यांची आहे. पण कुणी धमकी दिली तर त्याच दिवशी मला सांगायचं. मी तुझ्यावर ओरडणार नाही.' आणि खरोखर ओरडू नका. पहिल्या वेळी ओरडलात तर दुसरी वेळ येणार नाही.

दोन, कायदा घरात बोला. अठरा वर्षांखालच्या मुलीशी संबंध आला तर तिची संमती असली तरी पोरावर 'पॉक्सो' लागतो, हे मुलाला आईबापाकडून कळले पाहिजे, वकिलाकडून नव्हे. मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस पूर्ण असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी लग्न होते. त्याची नोटीस तीस दिवस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते, आणि तोच काळ सगळ्यात धोक्याचा असतो. २७ मार्च २०१८ रोजी 'शक्ती वाहिनी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खाप, जातपंचायत किंवा जमाव यांना ढवळाढवळ करण्याचा अधिकार नाही. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि चोवीस तासांची हेल्पलाइन उभी करा, सुरक्षित निवाऱ्याची सोय बघा, असेही सरकारांना बजावले. आपल्या जिल्ह्यात हे किती उभे राहिले, हे माहिती अधिकारात विचारायचे काम आपल्या तरुण मंडळांनी या महिन्यात करावे.

तीन, मुलांना 'नाही' ऐकायला शिकवा. हा धडा आपल्या चळवळीत कोणी देत नाही. मुलगी नाही म्हणाली तर ते तिचे मत आहे, आपला अपमान नाही. आणि हे शिकवायची जागा घरच आहे. आई 'नाही' म्हणते तेव्हा बाप काय करतो, ते पोरगा बघत असतो.

चार, मुलीच्या मोबाईलचा पासवर्ड मागण्याऐवजी तिच्या मित्रमैत्रिणींना घरी जेवायला बोलवा. तपासणीत जे सापडत नाही, ते पोह्यांच्या ताटलीवर आपोआप कळते. मुलगा आणि मुलगी दोघांनाही एकच नियम लावा. सातच्या आत घरी यायचे असेल तर दोघांनीही यायचे.

पाच, विहारात रविवारची वंदना झाली की अर्धा तास पालकांसाठी ठेवा. आणि महिन्यातून एकदा तरुणांनी बोलायचे, मोठ्यांनी फक्त ऐकायचे. मध्ये उठून 'आमच्या वेळी' असे सुरू करायचे नाही. सुरुवातीला शांतता पसरेल. पसरू द्या. इतक्या वर्षांची सवय आहे, एका रविवारी जाणार नाही.

तरुणांनो, तुमच्यासाठी

तुमच्या आईबापांनी तुम्हाला दाबले असेल, तर त्याचा राग येणे साहजिक आहे. पण ज्या भीतीने त्यांनी तसे केले, ती त्यांनी तयार केलेली नव्हती. एकदा त्यांना विचारून बघा, 'तुम्ही तरुण होता तेव्हा गावात काय झालं होतं?' आपल्या कितीतरी बापांनी असा प्रसंग पाहिलेला असतो, जो त्यांनी कुणालाच सांगितलेला नाही. ऐकून त्यांना माफच करा असे मी म्हणत नाही. पण तुमच्यातला कोणता अबोला तुमचा आणि कोणता वारशाने आलेला, हे तुम्हाला कळेल. आणि जे कळते ते पुढच्या पिढीला द्यायचे की नाही, हे ठरवता येते. मनाचा त्रास वाढला तर डॉक्टरकडे, समुपदेशकाकडे जा. त्यात कमीपणा नाही.

नितीनला न्याय मिळवून देणे हे न्यायालयाचे आणि सरकारचे काम आहे, ते त्यांच्याकडून करून घ्यायला आपण रस्त्यावर उतरत राहू. पण नितीनचा खून करून जो निरोप आपल्या घरांत पाठवला गेला, तो परत पाठवणे कुठल्याच न्यायालयाच्या हातात नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.

मागच्या दिवाळीत मुलगा घरी आला होता. रात्री जेवण झाल्यावर अंगणात बसलो होतो. मी त्याला म्हणालो, "तू नववीत जाताना मला विचारलं होतंस, तुझं काय चुकलं म्हणून. तुझं काहीच चुकलं नव्हतं." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पप्पा, एक मुलगी आहे. तुम्हाला भेटवायचीय."

मी तिची जात विचारली नाही. नाव विचारले.

जय भीम! जय संविधान!